दसऱ्याची अंडी, पाडव्याची पिल्ले

दसऱ्याच्या संध्याकाळी कोंबडी अंड्यांवर बसवली, तर पिल्ले केव्हा बाहेर येतील? बोटांवर मोजून पाहा. कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात, आणि दसऱ्यापासून तितक्याच दिवसांच्या आसपास दिवाळीचा पाडवा येतो. हा हिशेब माझा नव्हे, सासूबाईंचा. त्यांचे सारे आयुष्य सिन्नरकडच्या खेड्यात गेले. माझे मात्र नाशिक शहरात, शाळेत मुलांना शिकवण्यात. कोंबडीविषयी मी जे काही वाचले होते, ते त्यांना न वाचता ठाऊक होते.

आमच्या घरामागे लहानसे परस आहे. तेथे पहिला प्रयोग मी केला तो दोन वर्षांपूर्वी, आणि तो सांगायला अजूनही जड जाते. दिवाळीनंतर एक दिवसाची बारा पिल्ले विकत आणली. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वर विजेचा दिवा टांगला. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. तो खोक्यापाशीच झोपायचा हट्ट धरून बसला होता. "जा, झोप, मी बघते," असे मी त्याला म्हटले, आणि पहाटेच्या सुमारास माझाच डोळा लागला. वीज गेली ती मला कळलीच नाही. नाशिकच्या हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरतो. उजाडता पाहिले, तर सारी पिल्ले उबेसाठी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली, आणि खालची सात गुदमरून गेलेली. धाकट्याने ती पारिजातकाखाली पुरली. दिवसभर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. उरलेली पाच मी एका जाणत्या गृहस्थांच्या हवाली केली.

गेल्या वर्षी श्रावणात सासूबाईंनी गावाहून एक तांबडी कोंबडी आणली. भाद्रपद संपता संपता ती खुडूक झाली. पिसे फुलवून रिकाम्या टोपलीत बसून राहायची आणि हात लावला की टोचायची. "हिला अंडी द्या," सासूबाई म्हणाल्या, "दिव्याची गरज नाही."

"बाजारातून आणू?" धाकट्याने विचारले. पुष्कळांना हा प्रश्न पडतो, म्हणून सांगते. दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण ती अंडी देणाऱ्या कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. आम्ही गावाहून, कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली अकरा अंडी आणवली. ती धुतली नाहीत, फ्रीजमध्येही ठेवली नाहीत. पसरट टोपलीत चुलीची राख भुरभुरली, म्हणजे पिसवांचा त्रास कमी होतो. त्यावर पेंढा अंथरला आणि सोने लुटून झाल्यावर, अंधार पडताच, तांबडीला अंड्यांवर बसवले.

ती दिवसातून एकदाच उठे. दाणा, पाणी, थोडी धुळीतली अंघोळ, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. पोटाखालची पिसे झडून तिथली उघडी कातडी अंड्यांना भिडते. चोचीने ती अंडी फिरवत राहते, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटत नाही. यंत्रात ३७.५ अंशांची ऊब राखायला माणूस किती धडपडतो! सातव्या रात्री आम्ही अंडी विजेरीच्या उजेडापुढे धरून पाहिली. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या. दोन कोरी निघाली, ती काढून टाकली.

मग माझ्या ध्यानात आले की शेवटचे, सर्वांत नाजूक दिवस नेमके फटाक्यांचे! वसुबारसेच्या रात्री, अंधारात, आम्ही टोपली अलगद उचलून कोठीच्या खोलीत नेली. खिडकीवर गोधडी टांगली. धाकट्याने आपले बॉम्ब न फोडण्याचे कबूल केले आणि शेजारच्या मुलांनाही विनवून आला. पण सारी गल्ली कशी ऐकणार? लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाराशीच मोठी माळ लागली आणि तांबडी फडफडत टोपलीबाहेर पडली. धाकट्याने झटकन आपली शाल अंड्यांवर घातली. मी तिला धरायला धावले, तो सासूबाई म्हणाल्या, "धरू नकोस. दिवा घालव आणि गप्प बस." अंधारात आम्ही तिघे भिंतीला टेकून बसलो. दहा मिनिटे मला तासाएवढी वाटली. मग टोपलीपाशी खुडखुड ऐकू आली. धाकट्याने शाल ओढून घेतली आणि ती पुन्हा बसली.

पाडव्याच्या पहाटे अंड्यांच्या आतून चिवचिव आली. तांबडी हलक्या स्वरात उत्तर देत होती. दुपारपर्यंत आठ पिल्ले बाहेर पडली. नवव्या अंड्याला भोक पडले होते, पण पुढे काही होईना. "आई, मी सोलू का?" धाकट्याचे डोळे भरून आले होते. मी नको म्हटले. भोक पाडल्यावर पिल्लाला पुरते बाहेर यायला कधी कधी एक दिवस लागतो. तेवढ्यात ते उरलेला बलक पोटात ओढून घेते, आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातले रक्त आटते. घाईने सोलले तर रक्तस्राव होऊन ते मरते. बाहेर पडलेल्यांना मात्र त्या बलकावर दोन दिवस दाण्यावाचून निभावता येते.

नववे पिल्लू आले नाही. भाऊबीजेला धाकट्याने ते पारिजातकाखाली पुरले. ह्या वेळी त्याने माझ्याशी अबोला धरला नाही. "आपण जागे होतो ना?" एवढेच म्हणाला.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे, त्यांना चार गोष्टी सांगते. पावसानंतर जमीन कोरडी असते, ओलीतून येणारी रक्ती हगवण कमी होते, आणि उन्हाळ्यापूर्वी पिल्ले मोठी होतात. उणे एकच, थंडी. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावी. पिल्ले ढीग करून बसली तर थंडी वाजते आहे, दिव्यापासून दूर जाऊन धापा टाकू लागली तर उष्णता फार, सर्वत्र पांगली तर ठीक समजावे. वीज गेल्यास काय करायचे, ते आधीच ठरवावे. पाणी उथळ बशीत, गोटे घालून द्यावे. पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. एका बाटलीत शंभर-शंभर पिल्लांची लस असते; चार घरांनी मिळून आणावी.

आणि निम्मे कोंबडे निघणार, हे आधीच धरून चालावे. आमचे तीन निघाले. त्यांच्या पहाटेच्या आरवण्याला शेजारी कंटाळले, तेव्हा ते गावी गेले. पाच तलंगा राहिल्या. वैशाखात पहिले अंडे मिळाले. ते धाकट्याने आजीच्या हातावर ठेवले.

यंदा तांबडी पुन्हा टोपलीभोवती घुटमळते आहे. फटाक्यांची यादी करताना धाकट्याने बॉम्ब आणि माळा आपणहून खोडल्या. भुईनळे, फुलबाज्या तेवढ्या राहू दिल्या आहेत.