बसलेला आवाज आणि उघडे दार

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडते, रोगी शुद्धीवर येतो आणि तोंडातून घोगरा, हवा सुटल्यासारखा आवाज निघतो. घरचे म्हणतात, जिवावरचे आवाजावर निभावले. ही समजूत स्वाभाविक असली तरी अर्धवट आहे. स्वरतंतू केवळ बोलण्यासाठी नसतात. घास गिळताना ते मिटून श्वासनलिकेचे दार लावतात. चुकून काही आत उतरलेच, तर घट्ट मिटून छातीत दाब साठवतात आणि खोकल्याच्या एका झटक्यात ते बाहेर फेकतात. एक स्वरतंतू लुळा पडला की दाराला फट राहते आणि खोकलाही पोकळ होतो. म्हणून अशा रोग्याचा आवाज बसला, की आधी काळजी करायची ती फुप्फुसांची.

स्वरतंतू हलवणाऱ्या नसेची वाट आडवळणाची आहे. डावी नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा स्वरयंत्राकडे चढते. उजवीचा वळसा बराच वर, मानेच्या पायथ्याशी असतो. त्यामुळे इजा बहुधा डावीला होते. मग सर्जनने ती नस जपली का नाही, असा सवाल येतोच. पण याच खोबणीत लसिकाग्रंथींची माळ असते आणि भारतात जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी तिथे अनेकदा पोचलेल्या असतात. ग्रंथी ठेवाव्यात तर रोग मागे राहण्याची भीती, काढाव्यात तर नस ताणली किंवा शेकली जाण्याची. पुष्कळदा नस तुटलेली नसते, नुसती दुखावलेली असते. प्रत्येक घोगरा आवाज हलगर्जीपणाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे. मात्र इजा टळत नाही म्हणून ती तपासायचीही नाही, हे पटणारे नाही.

‘काही महिन्यांत आवाज आपोआप सुटतो’ हे अनेकांच्या बाबतीत खरे ठरते. पण धोका असतो तो पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा छातीची जखम खोकू देत नाही आणि न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. शिवाय काहींच्या श्वासनलिकेत पाणी उतरते, तरी ठसका लागतच नाही. म्हणून तोंडाने पाणी सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहावेत. काम काही मिनिटांचे आहे. दोष कळला तर उपाय आहेत. पाण्याच्या किंवा चहाच्या घोटाने ठसका लागतो, तिथे दाट पेज अनेकांना सोसते. हनुवटी छातीकडे झुकवून किंवा मान लुळ्या बाजूला वळवून गिळायला शिकवतात. इंजेक्शनने लुळा तंतू मध्याकडे सरकवता येतो. नस सुधारलीच नाही, तर जपानच्या नोबुहिको इशिकी यांनी १९७४ साली मांडलेली, स्वरयंत्राच्या कूर्चेवरची शस्त्रक्रिया तेच काम कायमचे करते.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारा, की नंतर स्वरतंतू तपासणार का? आणि घरी आल्यावर पाणी पिताच आवाज ओलसर, घरघरता झाला, वारंवार ठसका लागला किंवा ताप आला, तर आवाज सुटायची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.