सरकीवरची लव आणि सहा तारा

आमचे मिस्त्री गेली तीसेक वर्षं ‘एनसी’ ही दोन अक्षरं वाचत आलेत. यवतमाळला कुठल्याही रंगाच्या दुकानात एनसी लॅकर मागा, डबा लगेच काउंटरवर येतो. दारं, पलंग, देव्हारे, सगळ्यांवर तेच चढतं. परवा मी त्यांना सांगितलं की एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते करायला लागतो कापूस. त्यांच्या हातातला पॉलिशपेपर थांबला.

“आपला कापूस?”

“आपलाच. सरकीवरची लव.”

त्यांनी डबा उचलून उलटासुलटा करून पाहिला, जणू तळाशी एखादं बोंड सापडेल.

समोर टेबलावर इलेक्ट्रिक गिटारचं कोरं धड पडलं होतं. भाचीला गिटार हवी होती आणि मला ती आतून पाहायची होती, म्हणून आम्ही सुटे भाग मागवले. खोक्यातून निघालं ते असं: बासवुडचं धड, शिसवीची पट्टी चिकटवलेली मान, सहा खुंट्या, घोडी, तीन पिकअप, आवाज कमीजास्त करायचे पॉट, एक कंडेन्सर, सुती वेष्टणाच्या वायरी आणि चार लांब स्क्रू. स्क्रू मान धडाला आवळण्यासाठी.

हे चार स्क्रू आहेत म्हणून घरी गिटार जोडता येते. मिरजेचा कारागीर सतारीची मान आणि भोपळा असा एकजीव करतो की सांधा शोधावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या लिओ फेंडरचं मात्र रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि स्वतः तो गिटार वाजवायला कधी शिकला नाही. 1950 साली त्याने जी गिटार बाजारात आणली तिची मान सरळ स्क्रूने बसवलेली होती. बिघडली की काढा, दुसरी लावा, रेडिओतला व्हॉल्व्ह बदलतात तशी. दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या डोक्यातूनच असं वाद्य निघू शकतं, असं मला वाटतं.

मिस्त्रींनी धडावर बोटाची पेरं वाजवून पाहिली. “हे तर भरीव होय भाऊ. याच्यातून आवाज कुठून येईन?”

प्रश्न अगदी मुळाचा होता. तानपुऱ्याचा भोपळा पोकळ असतो, कारण बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, तबली आतल्या हवेला, तेव्हा कुठे खोली भरते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम स्पीकरकडे जातं, आणि मग पोकळी उलट अडचणीची ठरते. स्पीकरचा आवाज पोकळ धडाला भिडतो, धड थरथरतं, ती थरथर पुन्हा स्पीकरमध्ये जाते आणि लग्नाच्या मांडवात माइक जसा कुईं करतो तसं होतं. भरीव लाकूड शांत बसतं आणि तारेला एकटीला बोलू देतं.

पण तार बोलते कोणाशी? यासाठी मी एक पिकअप उघडून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला. सहा तारांखाली सहा चुंबकी कांड्या, आणि त्यांच्याभोवती केसासारखी तांब्याची तार. जाडी 0.06 मिलिमीटरच्या आसपास. असे वेढे साधारण आठ हजार. सगळी तार उलगडली तर किलोमीटरभर पुरेल आणि तरी ती करंगळीएवढ्या जागेत मावते. बस, एवढंच. आत सेल नाही, चिप नाही, हलणारा एकही भाग नाही.

आता खरी गंमत. चुंबकाच्या सान्निध्यात वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबक होते. ती छेडली की हे छोटं चुंबक वेढ्यांवर नाचू लागतं, वेढ्यांमधलं चुंबकी क्षेत्र कमीजास्त होतं आणि तांब्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलेला हा नियम. आपल्याकडे वणीच्या पट्ट्यात दगडी कोळसा निघतो, तिकडे चंद्रपूरच्या केंद्रात कोळसा जाळून प्रचंड जनित्रं फिरवतात. ती जनित्रं आणि माझ्या भाचीच्या गिटारमधली ही करंगळीएवढी डबी, दोन्हींचा नियम एकच. डबीतून निघणारा दाब घड्याळाच्या सेलच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा असतो. खालची जाड तार सेकंदाला 82 वेळा हलते, म्हणून ती वीजही सेकंदाला 82 वेळा मागेपुढे होते, आणि तारेच्या हलण्यातला प्रत्येक बारकावा तिच्यात उतरतो. नख लागलं की बोट, घोडीजवळ छेडली की मध्यावर, सगळं.

म्हणजे इलेक्ट्रिक गिटारला स्वतःला वीज लागतच नाही. ती वीज तयार करते. लागते ती अॅम्प्लिफायरला. मी हे अनेकदा वाचलं होतं, पण दिवे गेलेल्या एका संध्याकाळी पिकअपच्या दोन टोकांना मीटर लावला, तार छेडली आणि आकडा हलताना पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला.

ही युक्ती पहिल्यांदा यशस्वी केली जॉर्ज बीचमने. 1931 साली त्याने केलेली लाकडी गिटार गोल धडाची आणि लांब मानेची होती, तळणीच्या तव्यासारखी, आणि तेच नाव तिला चिकटलं. पेटंट हातात पडायला 1937 उजाडलं. पिकअपला फक्त चुंबकाला ओढली जाणारी तार ऐकू येते हेही लक्षात ठेवण्यासारखं. तानपुऱ्याची खर्जाची पितळी तार याच्यावर ताणून छेडली तर स्पीकर गप्प राहील. बोटाला थरथर जाणवेल, कानाला गिटारमधून काहीच नाही.

पडद्यांकडे वळलो तेव्हा भाचीने मला शिकवलं. ती गाणं शिकते, घरी तानपुरा लावून बसते. पट्टीवरचे पडदे कारखान्यातूनच ठोकून आले होते आणि मी पट्टीने अंतरं मोजत होतो. मोकळी तार 648 मिलिमीटर. पहिला पडदा 36.4 मिलिमीटरवर. पुढचा प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा साधारण अठरावा भाग खातो. नेमका भाजक 17.817. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, 324 मिलिमीटरवर येतो आणि तिथे वरचा सा लागतो. बारा समान पायऱ्या. हिशेब इतका नेटका की मी खूश होतो. भाचीने तानपुऱ्यावर सा धरला, त्याच सा वर मी गिटार लावली आणि चौथा पडदा दाबला.

“मामा, गंधार चढा आहे.”

तिचा कान बरोबर होता. सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे 1200 भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 वर असतो. गिटारचा 400 वर. चौदा सेंटची ही चढण पडद्यातच ठोकलेली आहे. त्या बदल्यात गिटारला मिळतं ते असं की कुठल्याही सुराला सा माना, सगळी सप्तकं सारखीच. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात, आणि वादक रागाप्रमाणे ते जागेवर आणतो. मला दोन्ही हवेत, पण भाचीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिचं मत ठरलंय.

मिरजेचा उल्लेख वर आला. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानी काळात तलवारींचं काम ओसरत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे लोक घोडीची जवारी काढतात, म्हणजे तिचा माथा घासून असा किंचित उतरता करतात की थरथरणारी तार त्याला सतत हलकेच चाटत राहते. त्यातून सुरांची ती झुळझुळ निघते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर शोधनिबंध लिहिला होता. गिटारच्या घोडीत याच्या अगदी उलट हवं असतं, तार एका कडेवर टेकून लगेच सुटली पाहिजे. आमच्या घोडीतली एक तार झणझणत होती, कारण तिच्याखालची खाच रुंद होती. नकळत जवारी झाली होती. कानशीने दोनदा घासली आणि ती गेली. मला थोडं वाईटच वाटलं.

आता पुन्हा त्या डब्याकडे. जिनिंगमध्ये कापसापासून रुई वेगळी होते आणि सरकी उरते. सरकी हातात घेतलीत तर तिच्यावर आखूड मऊ लव दिसते. तेलाच्या गिरणीत ती खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. सूत काढायला ती फार आखूड, पण जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ती नत्राम्ल आणि गंधकाम्लात भिजवली की दिसायला कापूसच राहते, मात्र स्वभाव पार बदलतो. बाझेलच्या शॉनबाइनने 1846 साली हे केलं तेव्हा हाती आला स्फोटक कापूस, तोफांत भरण्याजोगा. नायट्रोजनचं प्रमाण तेरा टक्क्यांच्या वर गेलं तर स्फोटक, बाराच्या आसपास ठेवलं तर थिनरमध्ये विरघळणारा लॅकर. त्याचाच भाऊबंद सेल्युलॉइड. दादासाहेब फाळक्यांच्या काळातली फिल्म याच पदार्थाची, आणि म्हणूनच ती इतकी चटकन पेटायची. 1920 च्या दशकात अमेरिकेत मोटारींना नायट्रोसेल्युलोजचा रंग लागू लागला, आणि फेंडरने पुढे मोटारींचेच रंग आपल्या गिटारींवर चढवले. ज्या जुन्या गिटारींच्या चकाकीवर लोक आज जीव टाकतात ती चकाकी कापसाची आहे!

मिस्त्रींनी आधी लाखेचा हात दिला. “सागाले तेल असते भाऊ, याले नाही. हे पॉलिश पिऊन घेईन,” म्हणाले. लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरीवर पोसणाऱ्या किड्याची देणगी. मलमलीत कापसाचा बोळा बांधून, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्यांनी गोल गोल फिरवत लावली. लाकडाच्या रेषा ओल्या मातीसारख्या गडद झाल्या. मग उघड्या अंगणात, चूल आणि बिडी दोन्ही लांब ठेवून, लॅकरचे पातळ हात. प्रत्येक नवा हात खालच्याला किंचित विरघळवतो, म्हणून दहा हात दिले तरी शेवटी थर एकच. हे मिस्त्रींना हाताने माहीत होतं, आणि त्याचं कारण मला पुस्तकाने. तीन आठवडे गिटार तारेवर टांगून ठेवली. तेवढ्यात दसरा झाला, आणि कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊ लागल्या.

जोडून स्पीकरला लावली तर घूं असा आवाज. हा आपल्या घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा. पिकअपचे वेढे तारेचं ऐकतात तसं भिंतीतल्या वायरिंगचंही ऐकतात. तारांना हात लावला की घूं कमी व्हायला हवी, कारण घोडीखालून गेलेली अर्थिंगची वायर तारांना जमिनीशी जोडते आणि मग आपलं अंगच आडोसा होतं. आमची कमी होईना. घोडी काढली. वायरीच्या उघड्या टोकावर आमच्याच लॅकरचा थर चढून बसला होता, काचेसारखा. ब्लेडने खरवडला, घोडी बसवली, भाचीने तारांवर तळहात ठेवला. घूं विझली.

मिस्त्री आता सागाचं धड करायचं म्हणतात. जुन्या वाड्याच्या चौकटीची एक फळी घेऊनच आले, रंगाचे पाचसहा थर चढलेली. रंधा मारायचा तर आत खिळे नकोत, आणि रंगाखाली ते दिसत नव्हते. एक पिकअप जादा होता. त्याच्या वायरी अॅम्प्लिफायरला जोडल्या आणि तो फळीवरून सरकवत नेला. लाकडावर काही नाही, काही नाही, आणि एका जागी स्पीकरमधून ‘डुब्’ असा आवाज आला. मिस्त्रींनी तिथे पेन्सिलीने फुली मारली, आणि पिकअप माझ्या हातातून घेऊन ते स्वतः पुढे सरकवू लागले.