हाताने भरलेल्या पिस्तूल काडतुसांतील प्रज्वलनदोष

चाप ओढल्यावर काडतूस मुळीच न उडणे, उशिरा उडणे किंवा अपुऱ्या जोराने उडणे यांस प्रज्वलनदोष म्हणतात. अमेरिकेत वापरलेली पितळी कवचे पुन्हा भरून घेणे हा नेमबाजांचा जुना छंद आहे. कारखान्यात जी तपासणी यंत्रे करतात, ती येथे भरणाऱ्याच्या हातावर व नजरेवर अवलंबून राहते. त्यामुळे असे दोष ओळखता येणे हा त्या छंदाचा आवश्यक भाग ठरतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

प्रज्वलनाची क्रिया

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या खाचेत प्राइमर बसविलेला असतो. हा धातूचा छोटा पेला असून त्यात आघाताने पेटणारे मिश्रण व त्यावर तीन किंवा दोन पायांची लहानशी ऐरण असते. फायरिंग पिनेच्या आघाताने पेल्याचे बूड आत दबते, मिश्रण ऐरणीवर चिरडले जाते आणि निघालेली ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. ऐरण प्राइमरमध्येच असण्याची ही रचना एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. अमेरिकन हायरम बर्डन याच्या रचनेत ऐरण कवचाचाच भाग असते. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सर रचनेत छिद्र एकच व मध्यभागी असल्याने जुना प्राइमर साध्या सळईने ढकलून काढता येतो. पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत फोफावण्यामागे हेही एक कारण आहे.

काडतूस न उडणे

चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर प्रथम शस्त्र सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबावे, असा सर्वमान्य नियम आहे. प्राइमर किंवा दारू मंदपणे पेटत असल्यास स्फोट काही क्षणांनी होऊ शकतो. असा विलंब क्वचितच घडतो व बहुधा सेकंदाच्या अंशाइतकाच असतो. परंतु चेंबरबाहेर उडालेले काडतूस पितळेचे तुकडे फेकते, म्हणून घाई करू नये.

त्यानंतर प्राइमरवरील खूण पाहावी. निदानाचा निम्मा भाग तेथेच उरकतो. खूण खोल व मध्यभागी असेल, तर आघात पुरेसा होता. दोष प्राइमरमध्ये किंवा त्याच्या बसण्यात आहे. खूण उथळ असेल, तर संशय शस्त्राकडे वळतो. चाप हलका व्हावा म्हणून रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची स्प्रिंग सैल केलेली असणे, फायरिंग पिनेच्या मार्गात घट्ट झालेले तेल वा मळ असणे ही नेहमीची कारणे होत.

तेच काडतूस दुसऱ्या आघाताने उडाले, तर प्राइमर खाचेच्या तळाशी टेकलेला नव्हता, असे बहुधा समजावे. पहिल्या आघाताची शक्ती प्राइमर आत सरकवण्यातच खर्ची पडते. अनेक जण अशा वेळी प्राइमरच्या कंपनीला दोष देतात. पण खराब निघालेल्या प्राइमरपेक्षा अर्धवट बसलेला प्राइमरच अधिक वेळा आढळतो. नीट बसलेला प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली असतो. बोट फिरवून पाहिल्यास तो उंचवटा म्हणून जाणवता कामा नये. खाचेत साचलेली काजळी किंवा लष्करी काडतुसांत प्राइमरभोवती आवळलेली कड तशीच राहणे, यांमुळे तो तळापर्यंत जात नाही.

९ मिमी व .४५ एसीपी या काडतुसांत आणखी एक कारण संभवते. ती चेंबरमध्ये कवचाच्या तोंडावर टेकतात. तोंड अवाजवी आवळले गेल्यास काडतूस आवश्यकतेपेक्षा पुढे सरकते व पिनेचा आघात दुबळा पडतो. तसेच लहान आकाराच्या रायफल व पिस्तूल प्राइमरांचा व्यास सारखाच असतो, पण रायफलीच्या प्राइमरचा पेला सामान्यतः जाड असल्याने पिस्तुलाची हलकी पिन त्याला पेटवीलच असे नाही.

अपुरे प्रज्वलन

नेहमीपेक्षा क्षीण आवाज व कमी धक्का हे सर्वांत धोकादायक लक्षण होय. कवचात दारू पडलीच नसेल, तर केवळ प्राइमरच्या दाबाने गोळी नळीत शिरून अडकू शकते. काडतूस मुळीच न उडण्यात वेळ जातो. येथे मात्र पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हा धोका अधिक, कारण काही अडले की सरकता भाग मागे ओढून पुन्हा चाप दाबण्याची सवय स्पर्धकांच्या हातात मुरलेली असते. अशा वेळी नेमबाजी थांबवून, शस्त्र रिकामे करून, नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करावी.

दारू असूनही ती नीट न पेटल्यास नळीत न जळलेले दाणे सापडतात. १८७३ च्या .४५ कोल्टसारखी कवचे काळ्या दारूसाठी घडवलेली, म्हणून ऐसपैस आहेत. निर्धूम दारूची अल्प मात्रा त्यांत एका बाजूला पसरते व ज्वाला तिच्यापर्यंत असमान पोहोचते. मॅग्नम काडतुसांत वापरली जाणारी मंद ज्वलनाची गोलदाणेदार दारूही पेटण्यास जड असते. तिच्यासाठी उत्पादक जोरकस ज्वालेचा प्राइमर सुचवतात आणि मात्रा फार कमी न करण्याची ताकीद देतात. मात्रा कमी म्हणजे धोका कमी, हा समज या दारूच्या बाबतीत चुकीचा आहे. प्राइमरचा प्रकार बदलल्यास दाबही बदलतो. म्हणून उत्पादकाच्या छापील तक्त्याबाहेरचा फेरफार उपाय म्हणून करू नये.