विटी, बाण आणि चुन्याची पुडी

विटी दोन्ही टोकांना निमुळती असते म्हणून टोला मारताच उडते, आणि म्हणूनच डोळ्यावर बसली की बुबुळ फाडू शकते. मार बसतो तो बहुधा समोर झेलायला उभ्या असलेल्या नाहीतर नुसत्या बघत बसलेल्या पोराला. खराट्याच्या काडीचे बाणही तसेच.

सगळ्यात फसवी मात्र चुन्याची पुडी. पोरं ती पिचकारीसारखी दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना अल्कधर्मी, तो वरवर भाजून थांबत नाही, आत झिरपत जातो. इथे दवाखान्याआधी नळ गाठायचा: पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं पाण्याची धार. मग तडक नेत्रतज्ज्ञ, कारण पापणीखाली चिकटलेले कण राहतातच.

काही रुतलं असेल तर नेमकं उलट. धुवायचं नाही, उपसायचं नाही. कागदी पेल्याचं बूड दाब न देता डोळ्यावर चिकटवा. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. तूप, मध, गुलाबपाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांना दारातच थांबवा.

चेंडूचा मुका मार बसून बुबुळामागे रक्त साचलं, तर पहिल्या पाच दिवसांत ते पुन्हा वाहू शकतं. त्यामुळे दुखतंय म्हणून मनानं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको.

१४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या धनुष्यबाणावर ते शोधून बघा.