पुढचा दात पुन्हा घडवताना

मधल्या सुट्टीत पळता पळता मूल पडते आणि पुढच्या दाताचा कोपरा उडतो. शिक्षकांना हा प्रसंग नवा नाही. बहुतेक वेळा तो वरच्या जबड्यातला मधला पटाशीचा दात असतो. सातव्या-आठव्या वर्षी उगवलेला हा दात कायमचा. तो पुन्हा येणार नाही. दंतवैद्य तो भरून देतात, आणि काम चांगले जमले तर भरलेला भाग ओळखूही येत नाही. दंतवैद्याच्या हाताला हे कौशल्य कसे येते, ते आपण पाहू.

आधी थोडे रसायनशास्त्र. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्यावर काही चिकटवणे अवघड. म्हणून पूर्वी भराव अडकवण्यासाठी दातात खाच कोरावी लागे, नाहीतर दात चारी बाजूंनी तासून त्यावर टोपी चढवावी लागे. लहान वयात दातातली मज्जेची पोकळी मोठी असते, त्यामुळे असे तासणे धोक्याचेच. १९५५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर यांनी वेगळी वाट काढली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. ते त्यांनी अर्धा मिनिट दातावर लावून पाहिले. आम्लाने एनॅमलमध्ये सूक्ष्म खड्डे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरते आणि घट्ट झाले की पकड घेते. पुढे राफाएल बोवेन यांनी सिलिकाच्या कणांची भर घातलेले रेझिन तयार केले. त्याचे पेटंट १९६२ चे आहे. आजचे कॉम्पोझिट त्याच घराण्यातले. (जाता जाता: तुटलेला तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून मुलाबरोबर दंतवैद्याकडे जरूर पाठवावा. पुष्कळदा तोच तुकडा याच पद्धतीने परत चिकटवता येतो.)

चिकटण्याचा प्रश्न असा सुटला, तरी दिसण्याचा उरतोच. आपण दाताला पांढरा म्हणतो, पण आतले डेंटीन पिवळसर आणि बरेचसे अपारदर्शक असते, तर वरचे एनॅमल धूसर काचेसारखे. तुटलेला कोपरा नुसत्या एनॅमलसारख्या कॉम्पोझिटने भरला तर तोंडातला काळोख मागून डोकावतो आणि दात करडा दिसतो. नुसत्या डेंटीनसारख्याने भरला तर खडूचा तुकडा लावल्यासारखा वाटतो. दोन्हींचे थर योग्य जाडीचे हवेत, आणि इथे फरक असतो तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा.

एवढा अंदाज वाचून येत नाही. म्हणून पदवी मिळालेले दंतवैद्यही कार्यशाळांत बसून सराव करतात. टेबलाला बनावट डोके बसवलेले असते, त्याच्या जबड्यात प्लॅस्टिकचे दात. आधी नमुन्यावर मेणाने दाताचा पूर्ण आकार घडवायचा. मग मळलेल्या कणकेसारखे सिलिकोन मागच्या बाजूने दाबून त्याचा साचा घ्यायचा. हा साचा तुटलेल्या दातामागे धरला की मागची भिंत आणि कड कुठे हवी ते आपोआप ठरते. साच्यात एनॅमलसारख्या कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा पसरून तो निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. कॉम्पोझिटमधला प्रकाशाला प्रतिसाद देणारा घटक सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीला जागा होतो. प्रकाश फार खोल पोचत नाही आणि घट्ट होताना पदार्थ थोडा आकसतो, म्हणून एका वेळी साधारण २ मिलिमीटरपेक्षा जाड थर द्यायचा नाही.

त्यानंतर डेंटीनचा थर. नव्या पटाशीच्या दाताच्या कडेला तीन उंचवटे असतात, तसे उंचवटे देऊन तो कडेच्या अलीकडेच थांबवायचा. शिकणारा हात अडखळतो तो इथे. थर जरा पुढे सरकला तर वरच्या एनॅमलला जागाच उरत नाही.

शेवटी पृष्ठभाग. दाताच्या दर्शनी भागावर दोन्ही बाजूंना उजेडाच्या उभ्या रेषा चमकतात. घासताना त्या एकमेकींजवळ आणल्या तर तेवढ्याच रुंदीचा दात अरुंद भासतो. नजरेची ही फसवणूक फार उपयोगी पडते, कारण शेजारच्या दाताशी जोड जुळवायची असते.

प्लॅस्टिकच्या दातांवर सारे शिकता येते असे मात्र नाही. आम्लाने त्यांवर एनॅमलसारखे खड्डे पडत नाहीत, म्हणून चिकटवण्याच्या सरावासाठी काढून टाकलेले खरे दात वापरतात. ते वाळतातही. वाळला की दात अधिक पांढरा दिसतो, कारण एनॅमलच्या बारीक छिद्रांतले पाणी जाऊन हवा येते आणि प्रकाश जास्त विखुरतो. वर्गात पांढरा सुती रुमाल अर्धा भिजवून खिडकीसमोर धरा; ओला भाग जास्त पारदर्शक दिसेल. म्हणूनच रंगाची निवड कामाला हात घालण्यापूर्वी, दात ओला असतानाच करतात. आणि रंग जुळला की नाही, हे दात लाळेने पुन्हा पुरता भिजल्यावर, म्हणजे पुढच्या भेटीतच पाहतात.