परदेशी स्वयंसेवी शिक्षक : सेवाकालाची सांगता आणि कार्याचे हस्तांतरण

बंगळुरू नागरी जिल्ह्यातील आनेकल तालुका तमिळनाडूच्या सीमेला लागून आहे. रेशीम विणकामासाठी परिचित असलेल्या या तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि कामगार कुटुंबांच्या स्थलांतरामुळे कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी अशा भिन्न मातृभाषांची मुले एकाच वर्गात बसू लागली. काही वर्षांपूर्वी येथील एका शाळेत, वर्षभर विनावेतन इंग्रजी शिकवून मायदेशी परतणाऱ्या एका युरोपीय तरुणीच्या निरोप समारंभास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. हारतुरे व भाषणे झाल्यावर पाचवीतील एका मुलीने मुख्याध्यापकांना विचारले, "सर, सोमवारी इंग्रजीचा तास कोण घेणार?" त्या प्रश्नाला कोणाजवळही उत्तर नव्हते. स्वयंसेवेचे मूल्यमापन करताना आपण बहुधा आगमनाचा विचार करतो, निर्गमनाचा करत नाही. म्हणून या दुसऱ्या बाजूचा येथे परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेला व्यापक संघटित रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये १९५८ साली 'व्हीएसओ' ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ मध्ये 'पीस कोअर' सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये 'संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक' कार्यक्रमास मान्यता दिली. त्याचे मुख्यालय १९९६ पासून जर्मनीतील बॉन येथे आहे. जर्मनीने २००८ मध्ये १८ ते २८ वयोगटासाठी 'वेल्टव्हेर्ट्स' ही योजना आरंभली.

भारतात पीस कोअरचे कार्य १९६१ ते १९७६ या काळात चालले. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, परिचारिका म्हणून मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत दाखल झाल्या व १९६८ मध्ये मायदेशी परतल्या. परतल्यानंतर त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी आपले भारतातील अनुभव कथन केले. पीस कोअरच्या तीन उद्दिष्टांपैकी तिसरे, म्हणजे अन्य देशांतील जनतेविषयी अमेरिकनांची समज वाढविणे, हे स्वयंसेवक घरी परतल्यावरच पूर्ण होते. सेवाकालाची सांगता हा कार्यक्रमाचा शेवट नसून त्याचा एक टप्पा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

अर्थशास्त्रीय आशय

वेतन नसले तरी स्वयंसेवा हे कामच होय. आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९ व्या परिषदेने (२०१३) स्वयंसेवी कार्यास कामाचा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. मात्र शाळेसारख्या बिगर-बाजार संस्थेतील अशा श्रमांचे मूल्य स्थूल देशांतर्गत उत्पादनात धरले जात नाही. परिणामी स्वयंसेवक आल्याने झालेला लाभ आकडेवारीत दिसत नाही आणि तो गेल्याने झालेली हानीही दिसत नाही.

येथे दोन संकल्पनांतील भेद ध्यानात घ्यावा. स्वयंसेवक नियमित शिक्षकाच्या जोडीला शिकवत असेल, तर त्याची भूमिका पूरक ठरते. तो रिक्त पदावरील शिक्षकाचे काम करत असेल, तर ती पर्यायी ठरते. पूरक स्वयंसेवक गेल्यावर त्याची अध्यापनपद्धती सहकारी शिक्षकाजवळ काही अंशी शिल्लक राहते. पर्यायी स्वयंसेवक गेल्यावर मात्र तासच रिकामा राहतो. शिवाय तो असेपर्यंत रिक्त पदाची निकड कोणास जाणवत नाही, हा दुहेरी तोटा होय.

सांगतेचे टप्पे

पहिला टप्पा शैक्षणिक हस्तांतरणाचा. कोणता पाठ कुठपर्यंत झाला, कोणते मूल कोठे अडते, कोणते साहित्य उपयोगी पडले, याची लेखी नोंद स्थानिक शिक्षकाच्या हाती पडली पाहिजे. अखेरचे काही आठवडे शिक्षकाने शिकवावे व स्वयंसेवकाने साहाय्य करावे, हा क्रम हितावह ठरतो. वेळापत्रकाची विसंगतीही विचारात घ्यावी. युरोपीय योजनांतील स्वयंसेवक बहुधा जुलै-ऑगस्टच्या सुमारास बदलतात, तर कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनमध्ये सुरू होतात. त्यामुळे नवे शैक्षणिक वर्ष जेमतेम मार्गी लागते, तोच शिक्षक बदलतो.

दुसरा टप्पा मुलांच्या निरोपाचा. जाण्याची तारीख मुलांना आधीच सांगावी आणि पाळता न येणारी आश्वासने देऊ नयेत. बालगृहातील मुलांबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे, कारण वारंवार तुटणारे स्नेहबंध त्यांना पुनःपुन्हा सोसावे लागतात. त्यांची ओळख उघड होईल असे छायाचित्र वा मजकूर माध्यमांत प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे.

तिसरा टप्पा प्रशासकीय. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत मानद काम करणाऱ्या परदेशी नागरिकास रोजगार व्हिसा मिळू शकतो व त्यावर संस्थेचे नाव आणि कामाचे ठिकाण नमूद असते. साहजिकच एका संस्थेतील स्वयंसेवक दुसरीकडील उणीव भरून काढण्यास तत्काळ पाठविता येत नाही. उत्तराधिकाऱ्याचे नियोजन त्यामुळे काही महिने आधी करावे लागते.

चौथा टप्पा मायदेशातील पुनर्समायोजनाचा. पीस कोअर सेवासमाप्तीनंतर पुनर्समायोजन भत्ता देते, तर वेल्टव्हेर्ट्समध्ये परतल्यानंतरचे चर्चासत्र कार्यक्रमाचाच भाग असते.

भारतीय धोरण

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २६ नुसार शासकीय व शासनाकडून प्रामुख्याने अर्थसाहाय्य मिळणाऱ्या शाळांत शिक्षकांची मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. शिक्षक पुरविणे हे शासनाचे वैधानिक दायित्व असून स्वयंसेवा त्याची जागा घेऊ शकत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'विद्यांजली २.०' उपक्रमाद्वारे नागरिक व अनिवासी भारतीय शासकीय व अनुदानित शाळांना सेवा किंवा साहित्य देऊ शकतात. जवळपास राहणारा निवृत्त शिक्षक वा अभियंता आठवड्यातून दोन तास देऊ शकला, तर त्यात सातत्य राखणे तुलनेने सोपे जाते.

समारोप

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्या निमित्ताने स्वयंसेवकांची संख्या मोजली जाईल, ते योग्यच आहे. परंतु स्वयंसेवक गेल्यानंतर वर्गात काय उरते, हा निकष अधिक महत्त्वाचा होय. स्वयंसेवकास पाचारण करणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याच्या आगमनाच्या दिवशीच आनेकलच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे. ते देता येत नसेल, तर त्या नियुक्तीचा फेरविचार करणे मुलांच्या हिताचे ठरेल.