वीरेंद्र सेहवाग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वीरेंद्र सेहवाग हा मुळातच सलामीचा फलंदाज होता, असे अनेकांना वाटते. नोव्हेंबर २००१ मध्ये ब्लोमफाँटेनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला, ती सहाव्या क्रमांकावर, आणि पहिल्याच डावात त्याने १०५ धावा केल्या. मात्र द्रविड, तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या मधल्या फळीत त्याला जागा मिळणे अवघड होते. म्हणून २००२ मध्ये लॉर्ड्सवर त्याला सलामीला पाठवले गेले. तिथे त्याने ८४ आणि पुढच्याच कसोटीत नॉटिंगहॅमला १०६ धावा काढल्या. गरजेपोटी केलेली ही सोय मग कायमची झाली.

फटकेबाज म्हणजे एकदिवसीय सामन्यांचा गडी, हा दुसरा समज. इंदूरला २०११ मध्ये केलेल्या २१९ धावांमुळे तो पक्का झाला असावा. पण २५१ एकदिवसीय सामन्यांत त्याची सरासरी जेमतेम ३५ आहे. १०४ कसोटींत मात्र ८,५८६ धावा, २३ शतके आणि ४९.३४ ची सरासरी. तीही शंभर चेंडूंना ८२ धावांच्या वेगाने. कारण कसोटीत नव्या चेंडूसाठी स्लिप आणि गली भरली की बाकीचे मैदान मोकळे पडते. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू पॉइंटजवळून कापणाऱ्याला याहून वेगळे काय हवे?

‘डोळे मिटून बॅट फिरवायचा, चालली तर चालली’ हे मत तर आकड्यांपुढे टिकतच नाही. डिसेंबर २००३ मधील मेलबर्नच्या १९५ पासून पुढची त्याची सलग ११ कसोटी शतके दीडशेच्या पुढची आहेत. मेलबर्नला षटकाराने द्विशतक गाठण्याच्या नादात तो बाद झाला. तीन महिन्यांनी मुलतानला २९५ वर असताना त्याने सकलैन मुश्ताकला षटकारच मारला आणि भारताचे पहिले कसोटी त्रिशतक झाले. अविचार म्हणावा, तर मधल्या २९५ धावा कुठून आल्या? पाय फारसे हलत नसत, हे खरे. पण डोके स्थिर असे, नजर अचूक असे. चेन्नईला २००८ मध्ये त्याने त्रिशतकासाठी २७८ चेंडू घेतले.

‘फक्त घरच्या खेळपट्ट्यांचा राजा’ हा आरोप निम्मा खरा आहे. मेलबर्न, लाहोर, सेंट लुसिया, गॉल इथली दीडशतके आणि द्विशतके तो खोडून काढतात. गॉलला २००८ मध्ये संघाच्या ३२९ पैकी नाबाद २०१ त्याच्या होत्या. दक्षिण आफ्रिका, इंग्लंड आणि न्यूझीलंडमध्ये मात्र त्याची सरासरी तिशीच्या खालीच राहिली. चेंडू उशिरा हलला की न हलणारे पाय महागात पडत.

सामना वाचवणे त्याला जमत नसे, असेही म्हटले जाते. जानेवारी २००८ मध्ये अॅडलेडला भारताच्या दुसऱ्या डावातील २६९ पैकी १५१ धावा त्याने एकट्याने केल्या आणि कसोटी अनिर्णित राहिली. त्याच्या २३ शतकांपैकी संघाच्या दुसऱ्या डावातले शतक हे एकच आहे.